‘शेर्पांच्या मदतीने’

२०१२ साली आमच्या भागातल्या एका दिवाळी अंकासाठी मी एक टिपण लिहिले होते. विषय होता महाराष्ट्रातून एव्हरेस्टवर गेलेले गिर्यारोहक. त्याच वर्षी १९ मे रोजी पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून शिखरावर पोहोचले होते आणि मराठी वर्तमानपत्रांत त्या मोहिमेची मोठी चर्चा होती. मी जुनी कात्रणे काढली. ऋषिकेश यादव यांच्या मोहिमेतून १८ मे १९९८ रोजी शिखर गाठणारे सुरेंद्र चव्हाण, २००९ मध्ये एकोणिसाव्या वर्षी वर गेलेली पुण्याची कृष्णा पाटील, अशी नावे जमवत गेलो. नाव, संस्था, तारीख असा तक्ता केला. शेवटी एक वाक्य लिहिले : ‘या सर्वांनी शेर्पांच्या मदतीने हे यश मिळवले.’

अंक निघाल्यावर महिन्याभराने एका निवृत्त गुरुजींचे पोस्टकार्ड आले. मजकूर चार ओळींचा होता. तक्त्यात एक रकाना कमी आहे, शेर्पा म्हणजे किती जण आणि कोण, असे त्यांनी विचारले होते. शेवटी लिहिले होते, ‘तुम्ही स्वतः साखळी धरलेली आहे, म्हणून तुम्हाला विचारतो.’

हे शेवटचे वाक्य मला लागले. त्याचा खुलासा करायला हवा. मी मेहकर तालुक्यातल्या जानेफळचा. शिक्षण बारावीपर्यंत, पुढचे सगळे वाचन ग्रंथालयांतून आणि रद्दीच्या दुकानांतून झाले. तरुणपणी दोन उन्हाळे मी शेतांच्या मोजणीवर रोजंदारीने साखळी धरली. फलकयंत्र मांडणारे साहेब एका बाजूला, आम्ही झेंडी आणि साखळी घेऊन बांधाबांधाने पळणारे दुसऱ्या बाजूला. नकाशा तयार झाला की त्यावर मोजणाऱ्याची सही होई. साखळी कोणी धरली हे त्या कागदावर कुठेच नसे, आणि ते असावे असे आम्हालाही कधी वाटले नाही. गुरुजींचे कार्ड आले तेव्हा कळले, की मीही तसाच एक नकाशा काढून बसलो होतो.

त्या रिकाम्या रकान्याचा शोध गेली काही वर्षे चालू आहे. त्यातून जे हाती लागले, ते इथे मांडतो.

वऱ्हाडातून निघालेली रेघ

एव्हरेस्टची गोष्ट आपल्यापासून फार दूरची आहे असे मला वाटत असे. प्रत्यक्षात तिची एक कडी आमच्याच भागात आहे. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून दक्षिणेतून उत्तरेकडे त्रिकोणांची जी साखळी सुरू केली, ती ७८ रेखांशाच्या आसपासने सरकत वऱ्हाडात आली. म्हणजे जानेफळच्या पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून. वऱ्हाडातले टाकळखेडा हे तिचे एक महत्त्वाचे ठाणे. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्ब्टन हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यामागे काम हाती घेतले ते जॉर्ज एव्हरेस्टने. टाकळखेड्यापासून पुढे त्याने ती रेघ सिरोंजच्या दिशेने नेली आणि पुढच्या काळात थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचवली.

एव्हरेस्ट १८४३ मध्ये निवृत्त झाला. त्यानंतर तराईतल्या ठाण्यांवरून हिमशिखरांचे कोन घेतले गेले. १८५२ च्या सुमारास गणिते जुळली आणि ‘शिखर क्रमांक १५’ हे सर्वांत उंच असल्याचे दिसले. या गणिताशी राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचे नाव जोडले जाते. १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली आणि अँड्र्यू वॉने आपल्या आधीच्या अधिकाऱ्याचे नाव शिखराला सुचवले. तिबेटी आणि शेर्पा लोक त्याला चोमोलुंग्मा म्हणत होतेच.

या साऱ्या कामात लॅम्ब्टनचा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. तो माणसांनी उचलून डोंगरांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवला. निशाणे धरणारे, रात्री दिवे लावून टेकडीवर बसणारे, जंगलात वाट तोडणारे खलाशी तापाने मेले. अधिकाऱ्यांची चरित्रे लिहिली गेली. खलाशांची संख्या तेवढी उरली. सर्वांत उंच शिखराचे नाव असे ठरले आणि त्याच्या पायथ्याशी नावे न लिहिण्याची सवयही आधीच पोहोचली होती.

पूर्वेकडचे लोक

‘शेर्पा’ हा शब्द आपण हुद्द्यासारखा वापरतो. ओझे वाहणारा तो शेर्पा, वाट दाखवणारा तो शेर्पा. आजकाल आंतरराष्ट्रीय परिषदांची तयारी करणाऱ्या अधिकाऱ्यालाही शेर्पा म्हणतात. मूळ शब्द ‘शर-पा’ : शर म्हणजे पूर्व, पा म्हणजे तिथले लोक. पूर्व तिबेटातल्या खाम प्रांतातून सुमारे पाचशे वर्षांपूर्वी काही कुळे नांगपा ला ही खिंड ओलांडून एव्हरेस्टच्या दक्षिणेकडील खुंबूत आणि त्याखालच्या सोलूत येऊन वसली. ते शेर्पा. धर्म तिबेटी बौद्ध, बोली तिबेटीच्या नात्यातली. शेती, याकपालन आणि तिबेटशी मीठ-धान्याचा व्यापार हा त्यांचा चरितार्थ. एकोणिसाव्या शतकात बटाटा आला आणि खुंबूचे मुख्य अन्न झाला. त्यांची वस्ती डोंगरांच्या कुशीत होती, पण शिखरावर चढणे त्यांच्या कुठल्याच कामात नव्हते. शिखरे देवांची.

चढणे सुरू झाले ते दार्जिलिंगमध्ये. मजुरीच्या शोधात सोलू-खुंबूतले तरुण तिकडे जात. अलेक्झांडर केलास या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १९०७ पासून सिक्कीमच्या चढायांत शेर्पांना बरोबर घेतले आणि त्यांची लायकी ओळखली. १९२१ ची पहिली एव्हरेस्ट मोहीम दार्जिलिंगहूनच निघाली. ७ जून १९२२ रोजी, दुसऱ्या मोहिमेत, नॉर्थ कोलच्या उतारावर हिमकडा कोसळून सात भारवाहक ठार झाले. त्यांत एकही इंग्रज नव्हता. हॉवर्ड सॉमरवेल त्या दिवशी बरोबर होता. आपल्यापैकी एखादा तरी त्यांच्यासोबत का गेला नाही, ही टोचणी त्याने पुढे आपल्या पुस्तकात नोंदवली आहे. याच सॉमरवेलने नंतर त्रावणकोरातल्या नेय्यूर येथे डॉक्टर म्हणून आयुष्य काढले. १९३४ मध्ये नांगा पर्बतवर जर्मन मोहिमेची वाताहत झाली. गायले नावाचा शेर्पा जीव वाचवण्याची संधी असूनही नेता मेर्कलपाशी थांबला आणि त्याच्यासोबत मेला. त्या वादळात सहा शेर्पा गेले.

१९२८ मध्ये हिमालयन क्लब स्थापन झाला. आज त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. या क्लबने दार्जिलिंगच्या भारवाहकांची नोंदवही सुरू केली. प्रत्येकाला क्रमांक दिला, कोणत्या मोहिमेत कसे काम केले याचे शेरे लिहिले आणि अतिउंचीवर उत्तम काम करणाऱ्यांना ‘टायगर’ ही पदवी दिली. माणसाला क्रमांक दिला हे वाचून मला प्रथम राग आला होता. पण पुढे पाहिले तर या नोंदवहीमुळेच कितीतरी जणांचा माग लागतो. क्रमांक देण्यामागे एक खरी अडचण होती, ती त्यांच्या नावांची.

वारांची नावे

शेर्पांमध्ये मूल ज्या वारी जन्मते त्या वाराचे नाव पुष्कळदा त्याला देतात. सोमवार दावा, मंगळवार मिंग्मा, बुधवार ल्हाक्पा, गुरुवार फुर्बा, शुक्रवार पासांग, शनिवार पेंबा, रविवार निमा. मुलगा असो की मुलगी, वाराचे नाव तेच. त्यामुळे एका मोहिमेत तीन पासांग आणि दोन दावा सहज सापडतात आणि अडनावाच्या जागी सगळ्यांच्या पुढे ‘शेर्पा’.

हे वाचताना मला नवल वाटले नाही. आमच्याकडे सोमा, मंगळ्या, बुधा, शुक्र्या ही नावे माझ्या लहानपणी घरोघर ऐकू येत. सातपुड्यात आजही येतात. मस्टरवर दोन बुधा असले की मुकादम ‘थोरला’, ‘धाकटा’ असे लिही. तेवढी तसदी हिमालयातल्या नोंदींत फार थोड्यांनी घेतली. शिवाय नावे बदलतही. दुखणे सरेना किंवा लामाने सुचवले, तर मुलाला नवे नाव मिळे. तेनझिंग नोर्गेचे जन्माच्या वेळचे नाव नामग्याल वांगदी होते. लामाच्या सांगण्यावरून ते बदलले.

तेनझिंगमुळेच शेर्पा हे नाव जगभर गेले. १९५३ च्या ब्रिटिश मोहिमेत ३६२ हमाल आणि २० शेर्पा होते, असा आकडा नेहमी दिला जातो. २९ मे रोजी तेनझिंग आणि हिलरी शिखरावर उभे राहिले आणि आधी पाय कोणाचा पडला यावर वाद सुरू झाला. माझ्या दृष्टीने दुसरी गोष्ट महत्त्वाची. एव्हरेस्टच्या सातव्या मोहिमेवर आलेला तेनझिंग त्या वेळी शेर्पांचा सरदारही होता आणि चढाई करणारा सदस्यही. भारवाहकांच्या यादीतला माणूस चढणाऱ्यांच्या यादीत गेला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५४ मध्ये, दार्जिलिंगला हिमालयीन गिर्यारोहण संस्था सुरू झाली आणि तेनझिंग तिथे प्रशिक्षणाचा प्रमुख झाला. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलामुलींनी दोराची पहिली गाठ या संस्थेत शेर्पा शिक्षकांकडून शिकून घेतली. आपल्या गिर्यारोहणाच्या इतिहासात ही गुरुपरंपरा एका ओळीत आटोपते.

खुंबूतले पंधरा दिवस

कागदावरचे वाचन पुरे पडेना, म्हणून २०१७ च्या दिवाळीनंतर मी खुंबूत गेलो. शिखर माझ्या आवाक्यातले नव्हते. लुक्लापासून एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत आणि परत, एवढीच पायपीट. लुक्ल्याची धावपट्टी १९६४ मध्ये हिलरी आणि गावकऱ्यांनी मिळून तयार केली. त्याच काळात जिमी रॉबर्ट्स या निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्याने काठमांडूत कंपनी काढून पायी सहलींचा धंदा सुरू केला. आज खुंबूतली बहुतेक घरे त्याच धंद्यावर चालतात.

माझे सामान वाहायला एक पस्तिशीचा माणूस मिळाला. डोक्याच्या पट्ट्याला ते नाम्लो म्हणतात. पट्टा कपाळावर घेऊन पाठीवरच्या डोक्यात, म्हणजे वेताच्या टोपलीत, ओझे. हातात आखूड काठी. उभ्याने विसावा घेताना तीच टोपलीखाली टेकवायची. आपल्याकडे बायका डोक्यावर चुंभळ घेऊन पाणी आणतात, तसे हे कपाळाने ओझे आणतात. पहिल्याच दिवशी मी त्याला ‘शेर्पाभाऊ’ म्हणालो. तो हसून हिंदीत म्हणाला, “मी शेर्पा नाही, राई आहे. तुम्ही लोक पाठीवर टोपली दिसली की शेर्पा म्हणता.”

पाच वर्षे शेर्पांवर वाचूनही ही चूक माझ्या हातून झालीच. खालच्या वाटांवर ओझी वाहणारे बहुतेक राई, तामांग, मगर. शेर्पांची पुढची पिढी लॉज चालवते, वाटाडेपण करते, उंचावरच्या मोहिमांवर जाते किंवा काठमांडूत आणि परदेशात असते. म्हणजे ‘शेर्पा’ म्हणून आपण एका समाजाचे नाव हमालीला चिकटवतो आणि खऱ्या हमालाचे नावही त्याखाली झाकतो. त्या माणसाचे नाव माझ्या वहीत आहे. छापायचे असेल तर आधी विचारा, असे तो म्हणाला होता. आता त्याचा ठावठिकाणा लागत नाही, म्हणून इथे देत नाही.

वाटेवर मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती लागतात. त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे. आपली प्रदक्षिणाच ती. ३,४४० मीटरवरच्या नामचेला शनिवारी आठवडी बाजार भरतो. खालून तांदूळ, मका, कोंबड्या पाठीवर येतात. खुमजुंगला हिलरींनी १९६१ मध्ये काढलेली शाळा पाहिली. तिच्या मागे खुंबिला उभा आहे, पावणेसहा हजार मीटरच्या आसपासचा. खुंबूच्या रक्षणकर्त्या देवाचा तो डोंगर. त्यावर चढायचे नाही, हा नियम आजही पाळला जातो. आठ हजार मीटरच्या शिखरांवर जाणारी माणसे घरामागच्या या डोंगराला हात जोडून थांबतात.

मी तेंगबोचेला पोहोचलो तेव्हा मणि रिम्दूची तयारी चालली होती. तिबेटी पंचांगाच्या नवव्या महिन्यातला हा उत्सव साधारण आपल्या दिवाळीच्या मागेपुढे येतो. लामा मुखवटे घालून नाचतात, गावोगावचे लोक जमतात. हा मठ १९१६ च्या सुमाराचा. १९३४ च्या भूकंपात पडला, पुन्हा बांधला, १९८९ मध्ये आगीत जळला, पुन्हा बांधला. मोहिमेवर जाण्याआधी इथल्या लामांचा आशीर्वाद घेतात. पुढे तळछावणीवर पूजा होते. दगडांचा चौथरा, त्यावर पताका, जुनिपरचा धूर, आणि समोर दोर, बर्फाच्या कुऱ्हाडी, बुटांचे खिळे मांडलेले. ज्या हत्यारांनी देवीच्या अंगावर पाय देणार, ती आधी तिच्यापुढे ठेवून क्षमा मागायची. एव्हरेस्टची देवी मियोलांगसांग्मा. लॉजच्या म्हाताऱ्या मालकिणीने हे सांगितले तेव्हा मला आमची खंडेनवमी आठवली. मोजणीच्या साखळीलाही त्या दिवशी हळदकुंकू लागत असे.

तिचा नवरा आणि एक मुलगा मोहिमांवर जात. ती म्हणाली, “लोक म्हणतात, शेर्पांना डोंगराची हौस. वसंत आला की मला झोप नसते. हौस असती तर मुलीच्या नवऱ्यालाही पाठवले असते.” मुलीला तिने काठमांडूत नोकरी करणारा नवरा पाहिला होता.

थुक्लाच्या चढावर वर आले की मोकळ्या माळावर दगडांचे मनोरे दिसतात, मृतांच्या स्मरणाचे. त्यांत बाबू चिरी शेर्पाचाही आहे. १९९९ मध्ये कृत्रिम प्राणवायूशिवाय तो एव्हरेस्टच्या माथ्यावर २१ तास राहिला आणि २००१ मध्ये हिमभेगेत पडून गेला. वाऱ्यात उभे राहून मी वाचता येतील तेवढी नावे वहीत उतरवली. शाई गोठली, मग पेन्सिलने.

रकाना भरताना

परत आल्यावर मराठी मोहिमांकडे पुन्हा वळलो. एलिझाबेथ हॉली या अमेरिकन पत्रकार बाईंनी काठमांडूत राहून १९६३ पासून मोहिमांच्या नोंदी ठेवल्या. प्रत्येक मोहीम शहरात उतरली की बाई प्रश्नावली घेऊन हॉटेलात हजर. २०१८ मध्ये त्या वारल्या, पण त्यांचा संग्रह आज कोणालाही पाहता येतो. त्यात शिखरावर पोहोचलेल्या शेर्पांची नावे आहेत, मेलेल्यांचीही. जे तिसऱ्या-चौथ्या छावणीपर्यंत तंबू, दोर, सिलिंडर पोहोचवून सुखरूप उतरले, ते बहुतेक आकड्यात. म्हणजे शेर्प्याला नाव मिळायचे तर एकतर माथा गाठावा लागतो, नाहीतर मरावे लागते.

मराठी कात्रणांची गत याहून वाईट. २०१८ च्या ‘मिशन शौर्य’मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. आम्हा विदर्भवाल्यांना त्याचा अभिमान वाटला. त्यांची नावे पहिल्या पानावर आली, आणि यायलाच हवी होती, कारण या मुलांची नावे एरवी कोण छापतो? पण माझ्याकडच्या कात्रणांत त्यांच्यापुढे दोर धरून चालणाऱ्यांची नावे नाहीत. २०१९ मध्ये गिरिप्रेमीचे दहा जण कांचनजुंगावर गेले, त्या बातम्यांतही तेच.

यात कुणाचा दुष्टावा आहे असे मला म्हणायचे नाही. मोहिमांच्या नेत्यांची पुस्तके आणि भाषणे पाहिली, तर शेर्पांचे ऋण ते मोकळेपणाने मानतात. दोष सवयीचा आहे. बातमी लिहिणारा, तक्ता करणारा, माझ्यासारखा हौशी अभ्यासक, आम्ही सगळे ‘शेर्पांच्या मदतीने’ एवढ्यावर थांबतो. पण ‘मदत’ हा शब्दच खरा नाही. खुंबू हिमप्रपातात शिड्या बसवणारे वाट तयार करतात, तेव्हा मोहिमा पुढे सरकतात. दोर लावणारे आधी माथ्यापर्यंत जातात, मग बाकीचे. जे काम आधी होते आणि ज्यावाचून दुसरे काम होत नाही, त्याला आपण एरवी पाया म्हणतो.

त्याची किंमत १८ एप्रिल २०१४ ला दिसली. पहाटे हिमप्रपातात कडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार ठार झाले. त्यांतले बहुतेक शेर्पा. वरच्या छावण्यांसाठी ते सामान नेत होते. सरकारने तातडीची मदत म्हणून प्रत्येक कुटुंबाला ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले, तेव्हा तळछावणीवर संताप उसळला. शेर्पांनी त्या वर्षी दक्षिणेकडून चढायचे नाकारले आणि हंगाम बंद पडला. विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाखांवर गेली ती त्यानंतर. १९२२ ला सात, २०१४ ला सोळा. मधल्या ९२ वर्षांत फरक एवढाच पडला, की या वेळी मागे राहिलेले बोलले.

१६ जानेवारी २०२१ रोजी आणखी एक गोष्ट घडली. हिवाळ्यात कोणालाच न साधलेले के-टू दहा नेपाळी गिर्यारोहकांनी सर केले. नऊ शेर्पा आणि एक मगर. माथ्याच्या थोडे खाली ते एकमेकांसाठी थांबले आणि मग दहाही जण एकत्र चालत वर गेले. आधी पाय कोणाचा, हा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही. त्या दहाही जणांची नावे जगभर छापून आली.

माझा तक्ता आता पाच रकान्यांचा आहे. चौथ्यात बरोबरच्या शेर्पांची नावे, पाचव्यात त्यांचे गाव. १९९८ पासूनच्या मोहिमांपुढे चौथा रकाना निम्म्याहून थोडा अधिक भरला आहे. पाचवा जवळजवळ रिकामाच. गुरुजींना हा तक्ता दाखवायचा राहून गेला. ते चार वर्षांपूर्वी गेले.

वाचकांपैकी कुणी, किंवा कुणाच्या घरातले कुणी, हिमालयातल्या मोहिमेवर गेले असेल, तर घरातले जुने फोटो एकदा काढून पाहावेत. माझ्या अनुभवात, छापील अहवालात नसलेली नावे फोटोंच्या मागे पेनाने लिहिलेली सापडतात. ‘डावीकडून तिसरा पासांग, आपल्या स्वयंपाकाचा’ अशी. पुढच्या दिवाळीपर्यंत दोन-चार रकाने त्यातून नक्की भरतील.